बोट शाकारली, खलाशी उघड्यावर

गणेशपुरीजवळून वाहणारी तानसा पावसाळ्यात दुथडी भरते आणि उन्हाळा आला की पार रोडावते. तिच्यात बोट हाकायचा प्रश्नच येत नाही. मात्र हेच पाणी पुढे वैतरणेला मिळते, खाडीत खारट होते आणि अर्नाळ्याच्या किल्ल्याजवळ समुद्रात उतरते. भिवंडी तालुका म्हटले की आज यंत्रमाग आणि गोदामे आठवतात, तरी या मुलखाचे समुद्राशी नाते जुने आहे. १६५७च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवातीची जहाजे तिथल्याच खाडीत बांधायला घेतली गेली. त्या कामावरचा पोर्तुगीज कारागीर रुय लैतांव व्हियेगस आपल्या माणसांसह काम अर्धवट टाकून निघून गेला. आरमार मात्र उभे राहिले.

उष्ण समुद्रात बोटीवर राहणे म्हटले की हल्ली डोळ्यांसमोर येते ती पांढऱ्या शिडाची देखणी नौका आणि तिच्यावर पाय पसरून बसलेला हौशी पाहुणा. महाराष्ट्रात बोटीवर खरोखर राहणारा माणूस वेगळाच आहे. तो सातपाटी, अर्नाळा, वसई, ससून डॉक, करंजा, हर्णै किंवा मिरकरवाड्याहून निघणाऱ्या मच्छीमार बोटीवरचा, ती हाकणारा तांडेल असतो किंवा खलाशी. ऑगस्ट ते मे हे १० महिने त्याचा बराचसा काळ पाण्यावर जातो. एकेक फेरी कधी ४ दिवसांची, कधी १०-१५ दिवसांची. तो तिथेच जेवतो, तिथेच झोपतो, आजारी पडला तरी तिथेच पडून राहतो. बोट हे त्याचे घर आहे. पण कोणत्याही सरकारी कागदावर त्या घराची नोंद नाही.

बोटीची डागडुजी दरवर्षी होते, तिच्यासाठी वर्षातले दोन महिने राखून ठेवलेले आहेत. तिच्यावर राहणाऱ्या माणसाच्या झोपण्याची, पाण्याची आणि संडासाची डागडुजी मात्र कोणाच्याच हिशेबात नाही. हे दोन्ही हिशेब एकाच वहीत लिहिले गेले पाहिजेत आणि त्यासाठी लागणारी वेळ आपल्याकडे आधीपासूनच आहे.

ती वेळ म्हणजे पावसाळी मासेमारी बंदी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात जाता येत नाही. मासळीच्या विणीला मोकळीक मिळावी आणि खवळलेल्या दर्यात जीव जाऊ नयेत, हे बंदीचे दोन हेतू. तिसरा फायदा बंदरावर गेल्याशिवाय दिसत नाही. मेच्या अखेरीस बोटी किनाऱ्याला लागतात, त्यांच्यावरची जाळी, दोर, इंजिनचे सुटे भाग उतरवले जातात आणि बोटी शाकारल्या जातात. पूर्वी नारळाच्या झावळ्या घालत, आता निळी-पिवळी ताडपत्री असते. तिच्याखाली जे चालते ते पाहिले, तर समुद्र बोटीचे किती परींनी नुकसान करतो ते कळते.

लाकडाचा पहिला शत्रू म्हणजे ते पोखरणारा किडा. नावाला किडा, जातीने तो शिंपल्यांच्या कुळातला. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढे त्याचे पिल्लू फळीला टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडून आत शिरते आणि पुढे आयुष्यभर आतच वाढते. बाहेरून फळी धड दिसते, आतून तिची चाळण झालेली असते. उबदार पाण्यात त्याची वाढ झपाट्याने होते. १५०३मध्ये कोलंबसाची उरलेली दोन जहाजे याच किड्याने इतकी पोखरली, की ती जमैकाच्या किनाऱ्याला वाळूत घालून त्याला आणि त्याच्या माणसांना सुमारे वर्षभर त्या सांगाड्यांवर राहावे लागले. या किड्याला सागवान सहजी दाद देत नाही. त्यातले तेल आणि वाळूसारखा कठीण अंश त्याला मानवत नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागवानातून बांधलेली आणि १८१७मध्ये पाण्यात उतरलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे तरंगते आहे. तिथे लाकूड चांगले होते, तसेच सांभाळणारेही होते.

कोकणातल्या बोटीला ते भाग्य नाही. तिचा नाखवा, म्हणजे मालक, फळ्यांचे सांधे उकरतो, जुना कापूस काढतो, नवा ठोकून भरतो आणि वरून राळ-तेलाचा लेप देतो. मुशीच्या काळजाचे उग्र वासाचे तेल फळ्यांना पाजायची पद्धत याच किनाऱ्यावरची. आता बहुतेक ठिकाणी लाकडावर फायबरचा थर चढवतात, किंवा नवी बोटच फायबरची बांधतात. किड्याचा त्रास त्यामुळे सरतो, पण दुसरे उपद्व्याप सुरू होतात. वर्षभराच्या उन्हाने फायबरचा वरचा थर पांढुरका पडून खरवडू लागतो. लाकूड आणि फायबर यांच्यामध्ये पाणी शिरले तर आतले लाकूड झाकल्या जागी कुजते आणि बाहेरून त्याची चाहूलही लागत नाही. बुडाला बार्नेकलची खडबडीत पुटे चढतात, बोट जड होते, तेवढ्याच अंतराला डिझेल जास्त जळते. हंगामात ती खरवडायची तर भरतीला बोट किनाऱ्याजवळ आणायची, ओहोटीला ती चिखलात कलली की एक बाजू घासायची आणि दुसऱ्या बाजूसाठी पुढच्या ओहोटीची वाट पाहायची.

धातूचे दुखणे आणखी वेगळे. खाऱ्या पाण्यात पंख्याचा पितळी धातू आणि शाफ्टचे लोखंड एकत्र आले की त्यांच्यात बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो आणि लोखंड खंगत जाते. म्हणून बुडाला जस्ताचे ठोकळे बसवतात. ते स्वतः झिजतात आणि शाफ्ट वाचवतात. वर्षभराने त्यांचा लगदा झालेला असतो. दमट हवेत अर्धवट भरलेल्या डिझेलच्या टाकीत रात्री बाष्प धरते, पाणी तळाशी साचते आणि त्या पाण्याच्या वरच्या कडेला बुरशी-जिवाणूंचा काळा गाळ वाढतो. भर समुद्रात इंजिन गुदमरून बंद पडले, तर फिल्टरमध्ये हाच गाळ अडकलेला सापडतो. नायलॉनचे दोर उन्हाने ठिसूळ होतात, बॅटऱ्या उकाड्याने लवकर बसतात, वायरींच्या जोडांवर हिरवा गंज चढतो.

एवढी कामे करायला ६१ दिवस भरपूर वाटतील. पण ते दिवस कोणते, ते पाहावे. मेच्या शेवटच्या आठवड्यात बोट वर येते आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मृग कोसळायला लागतो. ओल्या लाकडावर रंग धरत नाही. दमट हवेत फायबरचे रसायन नीट घट्ट होत नाही. दुरुस्तीला सगळ्यात वाईट असे दोन महिनेच दुरुस्तीला मिळतात आणि ती चालते उघड्या किनाऱ्यावर, ताडपत्रीखाली, उघडीप बघून. जुलैत चार दिवस ऊन पडले की रंगाऱ्यांना आणि सुतारांना एकदम मागणी येते. मग घाईने लेप बसतो आणि त्या घाईची किंमत डिसेंबरात, किनारा दिसेनासा झाल्यावर, रात्रभर पंपाने पाणी उपसणारा खलाशी मोजतो.

बोटीला कोरडी जागा लागते, हे या किनाऱ्यावर फार पूर्वी ओळखले गेले होते. विजयदुर्गजवळ गिर्ये इथे वाघोटण खाडीच्या काठी खडक फोडून तयार केलेली आंग्रेकालीन गोदी आजही दिसते. लांबी साडेतीनशे फुटांच्या आसपास. भरतीला जहाज आत घ्यायचे, पाणी उतरले की बूड मोकळे करून काम करायचे. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीची कोरडी गोदी १७५०मध्ये झाली, त्याच्याही मागे हाच विचार होता. अठराव्या शतकातल्या राज्यकर्त्यांना जहाजाची देखभाल हे सरकारचे काम वाटत होते. एकविसाव्या शतकातल्या मच्छीमाराने मात्र गाळाने भरलेल्या खाडीत आपली बोट आपणच ओढून घ्यावी, असे आपण गृहीत धरले आहे.

बोट शाकारली जाते तेव्हा तिच्यावरचा खलाशी गावी गेलेला असतो. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरीच्या पाड्यांमधून दरवर्षी आदिवासी तरुण खलाशी म्हणून बाहेर पडतात. काही इथल्या बंदरांवर, बरेचसे गुजरातेत पोरबंदर, ओखा, वेरावळकडे. रत्नागिरीच्या बोटींवर नेपाळी पोरे ओळखीची झाली आहेत. हंगामाआधी उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत बोट सोडायची नाही, ही रीत ऊसतोड कामगाराला नवी नाही, खलाशालाही नाही. गुजरातच्या बोटीवरचा कोणी सागरी हद्द ओलांडली म्हणून पकडला गेला, की कराचीच्या तुरुंगातून त्याचे नाव वर्तमानपत्रात येते. तोवर तो कुठे राहतो, काय खातो, किती झोपतो, याची विचारपूस कोणी केलेली नसते.

ती थोडी करून पाहू. ४०-५० फुटी बोट, त्यावर सात-आठ माणसे, मोठ्या बोटीवर १०-१२. बोटीच्या पोटाचा मोठा भाग बर्फाने आणि मासळीच्या खणांनी व्यापलेला. इंजिन केबिनच्या खाली, त्यामुळे केबिनमध्ये धग, डिझेलचा वास आणि कानठळ्या. ऑक्टोबरात आणि एप्रिल-मेमध्ये आत झोपणे अशक्य होते. मग जाळ्यांच्या ढिगावर, दोरांच्या वेटोळ्यांवर, जिथे पाठ टेकेल तिथे. स्वयंपाकाचा गॅस याच केबिनच्या आडोशाला, सिलिंडर दोराने बांधलेला. रोजचे जेवण म्हणजे भात आणि पकडलेल्या मासळीचे कालवण. पिण्याचे पाणी प्लास्टिकच्या पिंपांत, उन्हात तापलेले. गोडे पाणी प्यायला आणि शिजवायलाच पुरवायचे असते, म्हणून अंघोळ खाऱ्या पाण्याने. साध्या साबणाला समुद्राच्या पाण्यात फेस येत नाही. अंगावर मीठ वाळते, काखेत आणि मांड्यांत चट्टे उठतात. हातावर दोराचे घट्टे, बोटांत शिंगाळ्याचा काटा मोडलेला, पायाला पाकटाच्या नांगीची जखम. मीठ आणि ओल असेल तिथे जखम लवकर भरत नाही.

झोपेचा हिशेब तर जमिनीवरच्या माणसाला कळायचाच नाही. डोलजाळे प्रवाहाच्या तोंडाला लावलेले असते आणि पाणी फिरायच्या वेळी उचलावे लागते. म्हणजे दिवस असो की रात्र, साधारण दर सहा तासांनी उठायचे. भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, त्यामुळे आजची झोपेची वेळ उद्या कामाची होते. शरीराला सवय लागायच्या आत वेळ बदललेली असते.

आणि संडास. बहुतेक बोटींवर तो नसतोच. बोटीच्या कडेला किंवा मागच्या बाजूला जायचे, दोर धरायचा आणि पाण्याच्या वर बसायचे. बोट हलत असते, फळी मासळीच्या पाण्याने बुळबुळीत झालेली असते, रात्री बाकीचे झोपलेले असतात. हात सुटला तर हाक ऐकायला कोणी जागे असेलच असे नाही. हागणदारीमुक्तीची पाटी लावलेल्या गावचा माणूस वर्षाचे १० महिने असा राहतो, याचे कोणालाच नवल वाटत नाही.

याहून घातक गोष्ट खणात असते. गणेशपुरी-अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांपाशी गेले की गंधकाचा वास येतो. भाविकांना तो ओळखीचा आहे आणि त्वचारोगावर त्या पाण्याने गुण येतो अशी श्रद्धाही आहे. त्या वासामागचा वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. बंद खणात मासळी कुजली, तळाचे पाणी साचून सडले, तर हाच वायू तिथे तयार होतो. उघड्या कुंडावर तो वाऱ्याने विरून जातो, झाकण लावलेल्या खणात दाटतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते, वास येईनासा होतो आणि उतरलेल्या माणसाला धोका टळला असे वाटते. तो कोसळला की त्याला काढायला दुसरा धावून जातो आणि तोही पडतो. यावर उपाय साधा आहे. खण उघडून वारा खेळू द्यायचा, पंखा लावायचा, बाहेर माणूस ठेवून कमरेला दोर बांधल्याशिवाय आत उतरायचे नाही. हे सांगणारी मराठी, हिंदी, नेपाळीतली एक पाटी प्रत्येक खणाच्या झाकणावर लावायला फार खर्च येत नाही.

इतक्याशा जागेत माणसांनी नीट राहणे जमणारच नाही, असे म्हणायला आता जागा उरलेली नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली म्हादेई ही ५६ फुटी शिडाची नौका घेऊन कमांडर दिलीप दोंदे २००९-१०मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याच कारखान्यातल्या, जवळपास तेवढ्याच लांबीच्या तारिणीवर नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ अशा २५४ दिवसांच्या मोहिमेवर गेल्या. परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला, तेव्हा ठरलेला मार्ग सोडून मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबून दुरुस्ती केली आणि मगच पुढे निघाल्या. मोठ्या मच्छीमार बोटीएवढ्याच लांबीच्या या नौकेत निजायच्या जागा आहेत, शौचालय आहे, खाऱ्या पाण्याचे गोडे करायची सोय आहे. नौदलाच्या मोहिमेचा खर्च मच्छीमाराला पेलणार नाही, हे उघड आहे. पण जागा अपुरी पडते ही सबब ५६ फुटांनी खोटी ठरवली आहे. तारिणीचा आराखडा काढताना माणूस आधी मोजला गेला. मच्छीमार बोटीत खण आणि इंजिन आधी बसते, माणूस उरलेल्या जागेत.

सरकारचे बोटीकडे लक्ष नाही, असेही म्हणता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यातले अतिरेकी 'कुबेर' ही मच्छीमार बोट पळवून, तिच्यावरच्या माणसांना ठार मारून मुंबईपर्यंत आले. त्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रे आली, बोटींना रंगाची खूण आली, नोंदणी संगणकावर गेली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशभरातल्या १ लाख मच्छीमार बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. इस्रोच्या मदतीने तयार झालेले हे यंत्र वादळाचा इशारा बोटीपर्यंत पोहोचवते, बोटीवरून मदतीची हाक किनाऱ्यापर्यंत आणते. योजना चांगली आहे, तिने जीव वाचतील. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्याचा लाभ बोटीच्या मालकाला कर्ज आणि सवलतींच्या रूपाने मिळेल. शेतमालक आणि शेतमजूर यांच्यात जे अंतर असते, तेच नाखवा आणि खलाशी यांच्यात आहे. दर्जा एकाला मिळाला, दुसऱ्याच्या हाती त्यातले काय पडणार हे कोणी सांगितलेले नाही.

२०२०मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत यांत्रिक बोटींवर जैविक शौचालय बसवायला मदतीची तरतूद आहे. म्हणजे गरज कागदावर मान्य झालेली आहे. अडचण अशी की ती ऐच्छिक अनुदानाची बाब आहे. मालकाने मागितले तर मिळेल. आणि मालक मागतो जाळे, इंजिन, बर्फाचा खण, कारण त्यातून पैसा परत येतो. संडासाच्या जागेत एक खण बसतो, हे त्याचे गणित. जहाजांच्या सांडपाण्याचा आंतरराष्ट्रीय नियमही इथे उपयोगी पडत नाही. तो ४०० टनांवरच्या किंवा १५हून जास्त माणसांच्या जहाजांसाठी आहे. आपली बोट दोन्ही चाळण्यांतून निसटते.

मच्छीमार कामगारांसाठी जगात कायदा नाही असे मात्र नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००७मध्ये मासेमारीतल्या कामाबद्दलचा १८८ क्रमांकाचा करार मंजूर केला, तो १६ नोव्हेंबर २०१७पासून लागू आहे. बोटीवरची राहण्याची जागा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार, लेखी करारनामा या सगळ्यांची त्यात तरतूद आहे. ३ दिवसांहून जास्त काळ समुद्रात राहणाऱ्या बोटीवर २४ तासांत किमान १० आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. मासेमारी बोटींवरच्या वेठबिगारीमुळे जगभर बदनाम झालेल्या थायलंडने जानेवारी २०१९मध्ये हा करार स्वीकारला. आशियात तो पहिला. भारताने अजून स्वीकारलेला नाही.

बंदरावर हा विषय काढला की नाखवा काय म्हणेल, ते ऐकून घेतलेच पाहिजे, कारण त्याचे म्हणणे खोटे नाही. डिझेल महाग झाले आहे. त्यावरच्या कराचा परतावा वेळेवर मिळत नाही ही त्याची जुनीच ओरड आहे. पापलेट २०२३मध्ये राज्यमासा झाला, पण राज्यमासा झाल्याने तो जाळ्यात जास्त येतो असे नाही. बेकायदा पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या बोटी मासळी खरवडून नेतात. खाडीत गाळ साचल्याने भरतीची वाट पाहत बोट बाहेर उभी करावी लागते. बरेच नाखवे स्वतः बोटीवर जातात आणि खलाशाइतकेच हाल सोसतात. अशा माणसाच्या डोक्यावर आणखी एक नियम, आणखी एक तपासणी आणि आणखी एक हप्ता घातला, तर तो वाटेल ते करून चुकवील.

म्हणूनच सगळा भार एकट्या नाखव्यावर टाकून हे होणार नाही. सरकारने आधी आपला वाटा उचलावा. मोठ्या बंदरांवर छप्पर असलेली दुरुस्तीची जागा आणि बोट वर घ्यायला उतार बांधून द्यावा, तो मच्छीमार सहकारी संस्थांनी भाड्याने चालवावा. सातपाटीसारख्या गावात सहकाराची परंपरा जुनी आहे, संस्था आहेत, हिशेब ठेवायची सवय आहे. जूनमध्ये पाऊस पडत असताना छपराखाली फायबर नीट धरले, रंग बसला, जस्ताचे ठोकळे बदलले, तर बोटीचे आयुष्य वाढते, डिझेल वाचते आणि भर समुद्रात बंद पडायच्या वेळा कमी होतात. मालकाला त्यात सरळ फायदा आहे. तो फायदा हातात दिल्यावर त्याच्याकडून राहण्याच्या जागेची अट मागता येते.

अट मोजकी आणि मोजता येण्यासारखी असावी. परवान्यावर जेवढी माणसे लिहिली आहेत तेवढ्यांना पाठ टेकायला छताखालची जागा. आडोसा असलेला, पकडायला दांडी असलेला संडास. डिझेलजवळ न ठेवलेली, झाकणाची पाण्याची टाकी. गॅस सिलिंडर इंजिनपासून वेगळा आणि पक्का बसवलेला. खणात वारा खेळवायची सोय आणि त्यावर ती पाटी. माणसागणिक लाइफ जॅकेट, औषधाची पेटी. नव्या बोटीच्या आराखड्यातच हे असल्याशिवाय तिला नोंदणी मिळू नये. जुन्या बोटींना ३ हंगामांची मुदत आणि शौचालयाच्या अनुदानात खलाशी-संख्येप्रमाणे वाढ द्यावी. उचल देताना खलाशाच्या हातात लेखी कागद असावा, तो त्याला वाचता येईल अशा भाषेत, आणि त्यात कामाचे दिवस, मजुरी, विश्रांती लिहिलेली असावी. डहाणूच्या पाड्यावरून निघालेल्या मुलाच्या आईकडेही त्याची एक प्रत राहावी, म्हणजे तो कोणत्या बोटीवर आहे हे तिला कळेल.

तपासणी कधी करायची, हा प्रश्न तर कॅलेंडरनेच सोडवला आहे. जून-जुलैत जवळपास प्रत्येक यांत्रिक बोट किनाऱ्यावर असते, बूड उघडे असते, मालक हजर असतो, सुतार आणि वेल्डर तिथेच असतात. मत्स्यव्यवसाय खात्याच्या माणसाला समुद्रात जावे लागत नाही. एक पानी तक्ता आणि एक फूटपट्टी घेऊन बोटीत चढले की काम होते. जी उणीव दिसेल ती तिथल्या तिथे, त्याच सुताराकडून भरून घेता येते.

सुरुवात सातपाटी, अर्नाळा आणि वसई या ३ बंदरांपासून करता येईल. तिन्ही ठिकाणी दूरवर जाणाऱ्या बोटी आहेत, सहकारी संस्था आहेत आणि मुंबईतले अधिकारी सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ शकतील इतकी ती जवळ आहेत. पहिल्या वर्षीचा निकाल ३१ जुलैच्या संध्याकाळी धक्क्यावरच्या फळ्यावर लावावा: किती बोटी तपासल्या, कितींवर संडास बसला, किती खलाशांना लेखी करारनामा मिळाला. १ ऑगस्टला बर्फ भरून निघणाऱ्या प्रत्येक तांडेलाला आणि त्याच्या मागे चढणाऱ्या खलाशाला तो वाचता येईल, इतक्या मोठ्या अक्षरात.